आधी फुलाचं, मग फेसाचं

परवा आमच्या नांदेडच्या घरी नातसुनेनं टेबलावर दोन बाटल्या आणून ठेवल्या. एक मोठी, नाशिककडची, फेसाळणाऱ्या वाइनची. दुसरी बुटकी, तिच्यात कसल्याशा फुलांची गोड दारू. पोरांच्या लग्नाचा पहिला वाढदिवस होता. माझ्याकडं बघून बिचारी जरा चाचरली. "आजी, तुम्हाला चालेल ना?"

मी म्हणलं, "प्यायला पंचशील आडवं येतं बाई. बघायला न्हाई येत. कर तू."

तिनं उंच गिलासात आधी वाइन ओतली, तिच्यावर फुलांचं घातलं आणि चमच्यानं गरागरा ढवळलं. सगळा फेस एकदम उठला अन् मेला. आता मी गप बसणारी बाई न्हाई, हे तुम्हाला पुढं कळेलच. म्हणलं, "अगं, उलटं करून राहिलीस. आधी तळाला फुलाचं, मग त्याच्यावर फेसाचं. गिलास तिरका धर, धार काचेवरून सोड, आणि चमचा लावूच नको. बुडबुडे वर येतात ना, तेच ढवळतात."

तिनं तसं केलं. तळाचा रंग हळूहळू वर चढला, मधून मोत्यांच्या सरी निघाल्या. नातू बघतच राहिला. "आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"लातूरनं," मी म्हणलं. "पाणी नव्हतं त्या साली."

दोघं हसले. पण ती गंमत न्हाई, खरीच गोष्ट आहे. बसले आहे तर सांगून टाकते.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. आधी उस्मानाबादेतला तालुका, आता त्याचा स्वतःचा कलेक्टर. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, फायली एसटीच्या टपावरून यायच्या, भिंतींवरच्या पाट्यांचा रंग ओला. आमचे हे महसुलात कारकून. हदगावला आमचं बरं चाललं होतं, तर बदली आली. एक ट्रंक, एक स्टो, दोन लेकरं घेऊन आम्ही लातूरला उतरलो. पत्र्याच्या सात खोल्यांची एक लाईन होती, सातही खोल्यांत सरकारी माणसं, कुणी बीडचं, कुणी निलंग्याचं, कुणी उस्मानाबादहून आलेलं. आमची खोली सहावी.

जिल्हा नवा आला, माणसं बदलून आली, पण पाऊस काही बदलीवर आला न्हाई. त्या साली नळ नुसता वारा सोडायचा. टँकर यायचा तो बोअरचं पाणी घेऊन, आणि ते असं खारं की डाळ शिजता शिजत न्हाई. डाळीच्या गावात डाळ शिजेना, आता बोला! कुणाच्या हातून तांब्याभर सांडलं तर शेजारची बाई कपाळाला हात लावायची. थेंब पडताना दिसला की हात आपोआप त्याच्याखाली जायचा. मी माझ्या डोळ्यांनी बायकांना ताटातलं हात धुतलेलं पाणी भांडी घासायला उचलून नेताना पाहिलंय. मीही नेलंय.

तर त्या लाईनीत बायकांची एक रीत पडली होती. महिन्यातून एका दुपारी एकीच्या घरी सगळ्यांनी जमायचं, चहापाणी करायचं, बोलायचं. त्याला आम्ही बारी म्हणायचो. पहिल्या खोलीपासून बारी सुरू झाली. पहिल्या खोलीत अव्वल कारकुनांचं बिऱ्हाड. त्यांची बायको आमच्यात सगळ्यांत वडील, तिला सगळ्या काकू म्हणायच्या. ठसठशीत बाई, आवाज असा की पाचव्या खोलीतलं लेकरू अभ्यासाला बसावं. घरात म्हातारी सासू होती, तिचं सोवळंओवळं कडक.

मी सगळ्यांकडं गेले. सगळ्यांच्या घरी चहा प्याले. कुणी मला वेगळा कप दिला असं न्हाई, खोटं का बोलू. पण माझ्या घरी कुणी आलं की गोष्ट वेगळी व्हायची. आम्ही बौद्ध. दारातून भिंतीवरचे फोटो दिसायचे, काही विचारायची गरज पडायची न्हाई. आलेली बाई हसायची, बसायची, चिवडा कागदावर घेऊन खायची. कोरडं चालायचं. ओलं पुढं केलं की कुणाचा उपास निघायचा, कुणाचा आत्ताच चहा झालेला असायचा, एकीच्या तर दाताला कळ लागायची. काकूंचा सोमवार मी मंगळवारीही पाहिला.

आणि काकू वाईट होत्या असं समजू नका हो. माझं धाकटं तापानं फणफणलं होतं तेव्हा हे दौऱ्यावर, तर काकूंनी ऑटो बोलावला, दवाखान्यात माझ्या शेजारी बसून राहिल्या, लेकराचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. घरी परत आलो, मी पाण्याचा गिलास पुढं केला. म्हणाल्या, "असू दे गं, तहान न्हाई." उन्हातून आलेली बाई, ओठ कोरडे पडलेले. मला त्या 'तहान न्हाई'चं जेवढं लागलं तेवढं कुणाच्या शिवीचंही लागलं नसतं.

पाच बाऱ्या झाल्या. सहावी माझी. आता चहा कुणी प्यायचं न्हाई, हे मला माहीत, त्यांना माहीत. पण बारी म्हणल्यावर सगळ्या येणार, आणि सगळ्यांचा एकाच दिवशी उपास निघणार. मला ते नको होतं. मला एकदा, फक्त एकदा, माझ्या हातचं ओलं त्यांच्या घशाखाली उतरलेलं बघायचं होतं.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "कशाला जिवाला लावून घेतेस? गोटीसोडा आणू. ज्याची त्यानं गोटी फोडावी, ज्याची त्यानं प्यावी. सोड्याला जात नसते."

"सोड्याला नसते," मी म्हणलं, "पण मग त्यात माझं काय?"

"तुझं कसं न्हाई? बाटल्या तू देणार."

"मग मी दुकानदारीण झाले."

त्यावर हे पेपरात डोकं घालून बसले. पण सोड्याचं मला पटलं होतं. सोड्याच्या कारखान्याची विहीर खोल होती, तिचं पाणी गोड होतं, आणि टँकरच्या पाण्याचं सरबत करण्यात अर्थ नव्हता. सोडा त्यांचा राहू दे, म्हणलं, त्याच्याखाली माझं काहीतरी असलं पाहिजे.

मग गुलाब आठवला. दर्ग्याजवळ एक म्हातारा फुलवाला बसायचा. दुष्काळातसुद्धा कुठल्याशा मळ्यातून त्याच्याकडं गावठी गुलाब यायचा, बारका, दाट वासाचा. संध्याकाळी उरलेली फुलं मलूल व्हायची. मी विचारलं, "चाचा, ही द्याल का?"

"शर्बत को?" तो म्हणाला. "ले जाव आपा. लेकिन हरा देठ निकालना, सफेदी भी निकालना. नै तो कडू हुता."

मी फुलं ओच्यात भरून आणली. पाकळ्यांच्या मुळाची पांढरी टोकं एकेक करून कात्रीनं काढली आणि टँकरच्या पाण्यात उकळायला टाकली. काय सांगू तुम्हाला! गुलाबी रंग कुठला, शाईची दौत धुतल्यासारखं निळपट, मळकट पाणी. मोठी लेक म्हणाली, "आई, हे कुणाला पाजणारेस?" लिंबू पिळलं तर रंग परत आला, जादू झाल्यासारखा गुलाबी झाला. पण चव? मिठागर! ते ओततही आलं न्हाई, पाणी होतं ना. अंगणातल्या कडुनिंबाला घातलं.

रात्रभर चुटपुट लागली. सकाळी भाकरी थापता थापता आठवलं, हदगावला आमच्या शेजारी एक खाला होती, ती गुलकंद करायची. ती पाण्याला शिवायचीच न्हाई. मग मी दुसऱ्या दिवशीची फुलं आणली. रेशनची साखर पाट्यावर बारीक केली, पाकळ्यांत घातली, दोन लिंबं पिळली आणि परातीत कणीक मळतात तसं दोन्ही हातांनी मळायला बसले. आधी नुसता चुरा. मग हाताला ओल लागली. मग अर्ध्या तासानं परातीत तांबडालाल रस सुटला, दाट, बोटाला चिकटणारा. ह्यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात घालून पिळला. एवढ्या फुलांचा जेमतेम दीड पेला. पण वास असा की पाचव्या खोलीतून हाक आली, "काय करून राहिलीस गं हदगाववाली?" माझ्या बोलण्याची नक्कल करायच्या त्या नेहमी. मी म्हणलं, "बारीला या, कळंल."

पाण्याचा एक थेंब त्यात पडला नव्हता.

मग सोड्याशी गाठ घालायची होती. एक बाटली आणली. मला वाटलं, बाटलीतच रस घालू, म्हणजे मिसळतो चांगला. गोटी ढकलली, थोडा सोडा काढला, वरून रस घातला, तोंडावर अंगठा ठेवून हलवली. तुम्हाला हसू येत असेल. अंगठ्याच्या बाजूनं जो फवारा उडाला तो थेट दोरीवरच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. हे बिचारे दुसऱ्या दिवशी छातीवर गुलाबी नक्षी घेऊन कचेरीत गेले, धुवायला पाणी कुठं होतं. साहेबानं म्हणे विचारलं, होळी होऊन महिना झाला ना?

दुसऱ्या बाटलीला गिलासात सोडा आधी, रस नंतर. रस तळाला जाऊन बसला, ढवळला तर फेस मेला. तिसऱ्या बाटलीला उलटं केलं. रस आधी, दोन बोटं. गिलास तिरका, धार बारीक. तेव्हा तो रंग असा चढला की मीच एकटी 'अगं बाई' म्हणाले. तीन बाटल्या गेल्या, पण कुठल्याही मास्तराशिवाय शिकले.

ह्यांना पाजलं. हे आवडीनं प्याले, मिशा पुसल्या, आणि म्हणाले, "अगं, ह्यात तर आपलं पाणीच न्हाई. सोडा कारखान्याचा, रस फुलाचा. सांग ना त्यांना तसं. मोकळेपणानं पितील."

खरं सांगते, एक क्षण मोह झाला. किती सोपं होतं! ह्यात माझ्या घरचं पाणी न्हाई, बिनधास्त प्या. पण तसं सांगून पाजायचं म्हणजे माझं पाणी वाईट हे मीच आधी कबूल करायचं. मी म्हणलं, "न्हाई सांगणार. प्यायचं तर माझ्या हातचं म्हणून प्यावं. न्हाईतर बाटल्या आहेतच."

"लई ताठ आहेस," हे म्हणाले. म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी स्वतः सायकलवर बर्फाची पाव लादी पोत्यात बांधून घेऊन आले.

बारीच्या दुपारी सहाच्या सहा जणी आल्या. सतरंजी अंथरली होती. घमेल्यात बर्फ, बर्फात बाटल्या. बर्फाचं वितळलेलं पाणी संध्याकाळच्या भांड्यांना होणार, असा माझा हिशोब. काचेचे गिलास राखेनं घासून लख्ख केले होते, प्रत्येकाच्या तळाशी सकाळी नव्यानं काढलेला दोन बोटं रस. शेजारी लिंबाच्या फोडी आणि काळ्या मिठाची वाटी, कुणाला साधा सोडा घ्यायचा तर असावी म्हणून.

चिवडा संपला. ओल्याची वेळ आली. सगळ्यांनी काकूंकडं बघितलं.

काकूंनी घमेल्यातली एक बाटली उचलली. "मी आपला साधाच घेते गं. गोड मला सोसत न्हाई."

झालं. तिसऱ्या खोलीतलीनं बाटली घेतली. पाचव्या खोलीतलीनं घेतली. गुलाबी तळाचे सहा गिलास ताटात तसेच. मला माझे कान गरम झालेले कळले. हे म्हणतात ते खरं, मी ताठ आहे, पण ताठ माणसाला लवकर रडू येतं. रडले असते तर सगळं संपलं असतं, म्हणून बोलले.

"काकू, गोड सोसत न्हाई म्हणता, अन् गेल्या बारीला तीन पोळ्या पुरणाच्या? मी मोजल्या होत्या."

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकूंनी डोळे वटारले. "लई बोलतीस गं हदगाववाली! दुसऱ्याच्या ताटात बघत बसतीस?"

"माझ्या ताटात तुम्ही बघत न्हाई, म्हणून मी तुमच्या ताटात बघते."

बोलून गेले. पत्रा तेवढा उन्हानं कडकड वाजत होता. तेवढ्यात निलंग्याची पोरगी, चौथ्या खोलीतली, आमच्यात सगळ्यांत लहान, तिनं आपली बाटली खाली ठेवली. "अय्यो, भांडता कशाला? मला द्या अक्का, माझा घसा सुकला."

मी गिलास तिरका धरला, गोटी ढकलली, बारीक धार सोडली. फस्स करून आवाज, तळाचा लाल रंग उचलला गेला आणि गुलाबी होत होत काठाला आला. तिनं एका दमात अर्धा संपवला. "अक्का!" एवढंच म्हणाली, आणि डोळे मिटले.

काकू बघत होत्या. त्यांना स्वयंपाकाचा नाद भारी, नवं काही दिसलं की राहवत न्हाई. "वास तर गावठी गुलाबाचाच आहे," त्या म्हणाल्या. "रंग बिंग घातलास का?"

"तुम्हीच बघा."

"नुसतं बघते हां." त्यांनी एक गिलास पुढं ओढला. "माझी मी ओतते." आपल्या हातानं गोटी ढकलली, आपल्या हातानं सोडा ओतला, माझ्यासारखाच, तिरका धरून. गिलास काठोकाठ भरला. आणि मग, आता बघा, आपल्याकडं सोडा म्हणलं की मीठ. जन्माची सवय. हात आपोआप वाटीकडं गेला आणि चिमूटभर काळं मीठ त्यांनी त्या भरलेल्या गिलासात सोडलं.

सोड्यात मीठ पडलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. फेस उसळला. वर चढला, काठाबाहेर फुगला, बोटांवरून ओघळायला लागला.

"सांडलं! सांडलं!" सगळ्या एकदम ओरडल्या.

त्या साली थेंब सांडणं म्हणजे काय ते मी आधी सांगितलंय. विचार करायला कुणाला सवडच नसायची. काकूंनी मान खाली घातली आणि गिलासाला तोंड लावलं. सुर्रर्र करून फेस ओढला. मनगटावरून खाली निघालेला ओघळही चाटला.

मग थांबल्या. त्यांना कळलं. आम्हालाही कळलं. पाच तोंडं उघडी. काकूंच्या नाकाच्या शेंड्यावर गुलाबी फेस.

त्यांनी आमच्याकडं एकेकीकडं बघितलं. "काय बघता गं? सांडू देऊ? टँकर तुमचा बाप आणतो का?"

आणि राहिलेला गिलास तोंडाला लावून रिकामा केला. खाली ठेवला. क्षणभर बसल्या आणि मग अशी दणदणीत ढेकर दिली की दारातलं लेकरू दचकलं. मग जो हशा उठला! काकू स्वतः पदरात तोंड घालून हसत होत्या. पाचव्या खोलीतली म्हणाली, "काकू, गोड सोसलं की!" बाकीचे गिलास कधी उचलले गेले, कुणी उचलले, मला दिसलंसुद्धा न्हाई. मी नुसती ओतत होते.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "प्याल्या?"

"प्याल्या."

"पाण्याचं सांगितलंस?"

"न्हाई."

हे खूश झाले. मीही खूश होते, पण एक कुसळ आत राहिलंच. मनात यायचं, काकू सांडत होतं म्हणून प्याल्या. ते माझ्या हातचं प्याल्या, का दुष्काळाच्या हातचं? अपघातानं प्यालेलं धरायचं का? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुला सुखाचाही कीस काढायची सवय आहे." तसंही असेल. पण मी कुणाला विचारणार? काकूंना तर विचारूच शकत नव्हते.

आठ-दहा दिवस गेले. टँकर दोन दिवस आला न्हाई. सकाळी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. बघते तर काकू कळशी घेऊन पहिल्या खोलीतून निघालेल्या. मला वाटलं दुसऱ्या खोलीकडं चालल्यात. दुसऱ्या खोलीच्या दारात भरलेलं पिंप मला बसल्या जागेवरून दिसत होतं. काकू तिथं थांबल्या न्हाईत. तिसरी गेली, चौथी गेली. पाचवीतलीनं विचारलं, "काकू, कुठं?" तिला उत्तर न देता माझ्यासमोर येऊन कळशी ठेवली.

"पाणी आहे का गं?"

"आहे की. कशाला पाहिजे?" वापरायला हवं असेल, असं माझ्या मनात.

"प्यायला."

मी सूप खाली ठेवलं. "प्यायला?"

"मग काय झाडाला? झाडं ठेवलीत का देवानं ह्या गावात?" काकू उंबऱ्यावर बसल्या. "गाळून दे. अन् गोड असंल ते दे, बोअरचं नको."

टँकर न्हाई म्हणून परवा सोड्याच्या कारखान्याच्या विहिरीवरून मागून आणलेलं पाणी मी फडकं लावून त्यांच्या कळशीत ओतलं. एक थेंब सांडला न्हाई. काकूंनी कळशी कमरेवर घेतली आणि भर सकाळी, सगळ्या दारांत बायका उभ्या असताना, सबंध लाईनीसमोरून घेऊन गेल्या.

घरात म्हातारीनं विचारलंच असेल, कुठलं गं पाणी? काकूंनी काय सांगितलं ते मला आजतागायत ठाऊक न्हाई. पण मी तांदूळ निवडून उठते न उठते तोच रिकामी कळशी घेऊन त्या परत दारात.

"अजून एक मिळंल का?" म्हणाल्या. "सासूबाईंना लागलं बाई गोड."

मागं माझ्याकडं एकच घागर उरली होती, आणि टँकरचा भरवसा नव्हता. मी त्यातली कळशीभर दिली.